आजी अलिबागकडची बेने इस्रायली (कोकणातल्या ज्यू समाजातली), इस्रायलला गेल्यावर घराण्याचं आडनाव बदललं. आता मूळ गाव कसं शोधायचं?

आधी जुनं आडनाव मिळवा, निम्मं काम तिथेच होतं. पेणकर म्हणजे पेण, रोहेकर म्हणजे रोहा, किहीमकर म्हणजे किहीम. जुनी केतुबा (ज्यू लग्नाचा करारनामा), पासपोर्ट किंवा आजीच्या भावंडांच्या लग्नपत्रिका पाहा. त्यावर ते सापडू शकतं.

पूर्वजांची नावं मात्र मराठी वळणाची असू शकतात. मुंबईचं पहिलं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) १७९६ मध्ये बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे सामाजी हसाजी म्हणूनही ओळखले जात. त्यामुळे फक्त हिब्रू नावं धरून शोधलंत तर बरंच काही निसटू शकतं.

मग अलिबागला या. मागेन आबोथ सिनेगॉगमध्ये चौकशी करा आणि नवगावची दफनभूमी बघा. कोकणातल्या जुन्या कबरींवर हिब्रूबरोबर मराठीही कोरलेली दिसते, तेव्हा मराठी वाचणारं कुणीतरी सोबत हवंच.

आजी हयात असतील तर हे सगळं नंतर. आधी त्यांना मलिद्याबद्दल, म्हणजे बेने इस्रायलींच्या आभाराच्या आणि नवसाच्या विधीबद्दल विचारा: गोड पोहे, खोबरं, फळं, एलियाहू हानावी म्हणजे प्रेषित एलियाचं गाणं. ताट कोणाच्या घरी, कुठल्या गावी भरायचं हे सांगताना नातलगांची नावं आपोआप येतील. ते बोलणं रेकॉर्ड करा, आणि मराठीतच बोलू द्या.