घरी बिअर करताना भांडी निर्जंतुक करायला काय घ्यावं: ब्लीच, आयोडोफोर की स्टार सॅन?

स्टार सॅन घ्या. त्यात मुख्यतः फॉस्फरिक आम्ल असतं. १९ लिटर पाण्याला ३० मिली पुरतं, भांडं एक-दोन मिनिटं ओलं राहिलं की झालं. नंतर विसळायचं नाही. फेस पाहून नवखे घाबरतात, पण राहू दे तो, बिअरला काही होत नाही. पाणी जड (जास्त क्षारांचं) असेल तर द्रावण लवकर गढूळ होतं, म्हणून आरओचं पाणी वापरा. सामू (पीएच) ३च्या खाली असेपर्यंत तेच द्रावण पुन्हा चालतं.

आयोडोफोर, म्हणजे आयोडीनचं जंतुनाशक, तेही चांगलं, फक्त प्लास्टिकच्या नळ्यांवर डाग पडतात. ब्लीच नकोच: स्टील खराब होतं, शिवाय थोडं जरी मागे राहिलं तरी बिअरला औषधासारखी चव येते.

आणि हो, आधी भांडं घासून घ्या. साका चिकटलेला असेल तिथे यातलं काहीच पोचत नाही.