पूर्वनेमणूक म्हणजे प्रारब्धच का?

कोल्हापूरच्या एका वाचक ताईंनी विचारलं आहे : "आमच्या मंडळीत रविवारच्या उपासनेत पाळकांनी 'पूर्वनेमणूक' हा शब्द वापरला. शेजारच्या काकूंना त्याचा अर्थ सांगायला गेले तर त्या म्हणाल्या, 'म्हणजे आमचं प्रारब्धच की!' दोन्ही एकच का? आणि माणसाला इच्छास्वातंत्र्य आहे असं मानणारे ख्रिस्ती लोक यावर काय म्हणतात?"

एकच नाहीत. पूर्वनेमणूक म्हणजे कुणाला तारायचं, म्हणजे पापातून सोडवायचं, ते देवाने आधीच ठरवून ठेवलं आहे ही शिकवण. काकूंचा शब्द घेतला तर अर्थ जवळजवळ उलटा होतो.

प्रारब्ध म्हणजे 'सुरू झालेलं'. संचितातल्या ज्या कर्माचं फळ मिळायला लागलं आहे, ते प्रारब्ध. ते भोगायला लावणारं कुणीही असो, केलेलं आपलंच असतं. पूर्वनेमणुकीत नेमका हाच भाग नाही. तिथे नेमणारा देव आहे, आणि कॅल्विन या धर्मसुधारकाच्या (१५०९–१५६४) मते त्याने नेमताना माणसाची करणी, लायकी, काहीच जमेस धरलेलं नाही. मागच्या जन्माचा तर प्रश्नच येत नाही.

मग दुसरा शब्द कोणता? 'नशीब' अरबीतून आलं, मूळ अर्थ वाटा. वाटणारा कोण ते शब्द सांगत नाही. 'नियती'ला चेहराच नाही. 'दैव' देवावरून आलं खरं, पण 'दैव आड आलं' म्हणताना देवाची आठवण कुणाला होते? सटवाई निदान स्वतः येऊन कपाळावर लिहिते, म्हणजे तिथे कर्ता आहे; पण ती आयुष्यातलं बरंवाईट लिहिते, तारणाचा निकाल लावत नाही. मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो 'तकदीर'. त्याच्या अरबी मुळात माप ठरवण्याचा अर्थ आहे आणि ठरवणारा अल्लाच आहे. बोलीत मात्र तोही नशिबाच्याच ओळीत जाऊन बसला.

बायबलच्या नव्या करारातलं मूळ ग्रीक क्रियापद आहे 'प्रोओरिझो' : आधी सीमा आखून ठेवणे. ते एकूण सहाच ठिकाणी येतं. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात प्रेषित पौल ओळीने सांगतो की देवाने ज्यांना आधी ओळखलं त्यांना नेमलं, नेमलं त्यांना बोलावलं, बोलावलं त्यांना नीतिमान ठरवलं, आणि त्यांचा गौरव केला. पाचही क्रियापदांचा कर्ता देवच. म्हणून 'नेमणे' हे क्रियापद मला अगदी योग्य वाटतं, कारण त्याला कर्ता लागतोच. 'पूर्वनेमणूक' हे नाम थोडं फसतं. नेमणूक म्हटलं की आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेतली मास्तरकी डोळ्यांसमोर येते.

आता वादाकडे. कोल्हापुरी भाषेत सांगायचं तर विषय हार्ड आहे, पण मराठी व्याकरण इथे मदतीला येतं. आपल्याकडे 'तरणे' आणि 'तारणे' अशी जोडी आहे. पाचव्या शतकातल्या पेलागियस या ख्रिस्ती शिक्षकाची शिकवण 'मी तरलो' या बाजूची होती : देवाने आज्ञा दिली आहे तर ती पाळण्याची ताकदही माणसात आहे. ऑगस्टिन या बिशपने (३५४–४३०) 'त्याने मला तारलं' हे लावून धरलं. ४१८ साली कार्थेजच्या परिषदेने पेलागियसची मतं धिक्कारली.

पुढचं भांडण लोक नेहमी चुकीचं सांगतात. आर्मिनियस (१५६०–१६०९) हा डच धर्मशास्त्री 'मी तरलो'वाला नव्हता. तारणारा देवच, कृपेशिवाय माणूस विश्वासही ठेवू शकत नाही, हे त्याला मान्य होतं. त्याचं म्हणणं एवढंच की ती कृपा नाकारता येते. मग देवाने आधी नेमलं कुणाला? तर जे विश्वास ठेवतील हे त्याला आधी कळलं होतं, त्यांना. पंचांगात ग्रहण छापलं म्हणून ते पंचांगाने लावलं असं होत नाही, तसं काहीसं. कॅल्विनवाल्यांचं उत्तर असं की पौल 'ज्यांना ओळखलं' म्हणतो, 'ज्यांचा विश्वास ओळखला' असं म्हणत नाही. नेदरलँड्समधल्या डॉर्टच्या धर्मसभेने (१६१८–१९) आर्मिनियसच्या अनुयायांविरुद्ध निकाल दिला. वाद काही मिटला नाही. पुढच्या शतकात वेस्ली आणि व्हाइटफील्ड हे इंग्रज धर्मोपदेशक, जिवलग मित्र, याच मुद्द्यावरून दुरावले. वेस्लीच्या मेथडिस्ट पंथाचा कल आर्मिनियसकडे, प्रेस्बिटेरियन पंथाचा वारसा कॅल्विनचा.

कोल्हापुरात हा शब्द कानावर पडावा यात नवल नाही. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली इथे आले आणि १८७० मध्ये त्यांचं मिशन अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन मंडळाकडे गेलं. त्या परंपरेच्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्रात, म्हणजे काय मानायचं ते सांगणाऱ्या अधिकृत मसुद्यात, पूर्वनेमणुकीवर भरपूर लिहिलेलं आहे.

राहिलं 'इच्छास्वातंत्र्य'. रूढ आहे, पण मला पुरतं पटत नाही. लॅटिन वादात शब्द होता 'आर्बिट्रियुम', म्हणजे निवाडा, निर्णय. देव माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध ओढून नेतो असं कॅल्विनही म्हणत नाही. माणूस करतो ते स्वेच्छेनेच करतो. पण पापामुळे त्याची इच्छाच वाकडी झाली आहे आणि ती त्याला स्वतःहून सरळ करता येत नाही, असं तो म्हणतो. म्हणजे वाद सक्तीचा नाही, देवाकडे वळायचं की नाही हे ठरवण्याची कुवत माणसात उरली आहे का, याचा आहे. त्यासाठी 'निर्णयस्वातंत्र्य' जास्त नेमकं बसतं.

तेव्हा ताई, काकूंना सांगताना नाम सोडा आणि सरळ वाक्य वापरा : "देवानं कुणाला तारायचं ते आधीच नेमून ठेवलंय, असं आमच्यातले काही मानतात." त्यातलं 'काही' गाळू नका.