एक्सेल म्हणतं १६ मिनिटं, मित्र म्हणतो ४५

प्रश्न : सर, मी बेळगावचा, अकाउंट्सचं काम करतो म्हणजे दिवसभर एक्सेलच. तारकर्लीला पहिल्यांदा स्कूबा केलं आणि वेडच लागलं, मग रीतसर कोर्स केला, पुढचाही केला, आता अंदमानला ३० मीटरचा डायव्ह करायचाय. हौस म्हणून ब्यूलमनचं १६ कप्प्यांचं मॉडेल (शरीराचे सोळा कल्पित कप्पे धरून, अंगात नायट्रोजन किती भरतो आणि किती निघतो याचं गणित) शीटमध्ये बसवलं. डेको स्टॉप (अंगातला नायट्रोजन निघावा म्हणून वर येताना मध्ये थांबणं) न लागता ३० मीटरला किती वेळ राहता येईल तर माझ्याकडे १६ मिनिटं येतात, कोर्सच्या टेबलात २० आहेत, आणि मित्राने हेच फॉर्म्युले घालून केलेल्या शीटमध्ये चक्क ४५! कोणाचं बरोबर? आणि अजून एक, मालवणला डायव्ह करून त्याच संध्याकाळी आंबोलीमार्गे घरी आलं तर चालतं का?

उत्तर : आधी मित्राला फोन करा आणि ती फाइल उघडूच नको म्हणून सांगा, उत्तर नंतर वाचा.

तुमचं गणित मी हातानेच करून बघितलं. ३० मीटरला एकूण दाब ४ बार, त्यातून फुप्फुसातल्या पाण्याच्या वाफेचे ०.०६२७ वजा करायचे, उरलेल्याचे ७९ टक्के नायट्रोजन, म्हणजे ३.११. समुद्रसपाटीवर अंगात आधीच असतो ०.७४. फरक २.३७. आता ८ मिनिटं हाफ टाइमवाला कप्पा घ्या, ८ मिनिटांत फरकाचा अर्धा भरतो आणि १६ मिनिटांत पाऊण, पाऊण म्हणजे १.७८, त्यात ते ०.७४ मिळवले की २.५२. त्या कप्प्याचे ब्यूलमनचे आकडे अ बरोबर १ आणि ब बरोबर ०.६५१४, म्हणजे थेट वर यायचं असेल तर त्या कप्प्यात चालेल एवढ्या नायट्रोजनची मर्यादा (अ अधिक १ भागिले ब) येते २.५४, त्यापलीकडे अंगात बुडबुडे होण्याचा धोका. १६ ला आत, १७ व्या मिनिटाला बाहेर. तुमचं शीट चोख आहे.

मित्राचे ४५ कसे आले तेही सापडलं बहुतेक. त्याने ३० मीटर म्हणजे ३ बार धरलेत, पाण्याचा दाब घेतला पण डोक्यावरच्या हवेचा १ बार विसरला. टायरमधल्या हवेचं मीटर बघायची सवय असली की हे होतंच, मीटर शून्य दाखवतं म्हणजे दाब शून्य असं वाटतं. ३ बार धरले की नायट्रोजन येतो फक्त २.३२, मग ८ मिनिटांचा कप्पा कितीही वेळ बसला तरी २.५४ ला पोचतच नाही, तो गप्प बसतो आणि शेवटी १८.५ मिनिटांवाला कप्पा पंचेचाळिसाव्या मिनिटाला हात वर करतो. एरर नाही, लाल सेल नाही, आकडा कसा छान गुळगुळीत येतो आणि तिथेच माणूस फसतो. तुम्ही अकाउंट्सवाले ना, मग दुसऱ्या खात्याशी ताळा घालायचा. १२ लिटरचं सिलिंडर २०० बारला भरलं की २४०० लिटर हवा, पाण्याबाहेर मिनिटाला २० लिटर घेणारा माणूस ३० मीटरला ८० लिटर घेतो, अर्ध्या तासात सिलिंडर रिकामं. ४५ मिनिटं तो श्वास कसला घेणार होता, त्याला विचारा.

आता १६ आणि २० चं. तुमच्या शीटमध्ये माणूस शून्याव्या सेकंदाला ३० मीटरला असतो आणि वेळ संपली की त्याच क्षणी बोटीवर, लिफ्टसुद्धा अशी नसते. खरं तर खाली जायला दीड-दोन मिनिटं जातात आणि बॉटम टाइममध्ये (उतरायला लागल्यापासून वर निघेपर्यंतच्या वेळात) ती धरलेलीच असतात, तेवढा वेळ कप्पे कमी भरतात. वर येताना मिनिटाला ९ मीटरने यायला तीन मिनिटं वीस सेकंद लागतात आणि तेवढ्यात जलद कप्पे बऱ्यापैकी रिकामे होतात. हे दोन्ही घातलं की तुमचेही विसाच्या आसपासच येतील. त्यासाठी बदलत्या खोलीचा फॉर्म्युला वेगळा आहे, श्रायनरचं समीकरण म्हणून शोधा, नाहीतर सरळ दर १० सेकंदांची एक ओळ करा आणि प्रत्येक ओळीत त्या वेळची खोली घाला, फाइल लांबलचक होते पण चूक लगेच दिसते. मात्र २० शी जुळलं म्हणून हुरळून जाऊ नका, बहुतेक कोर्सचं टेबल ब्यूलमनवर नसतंच, त्याचे कप्पे आणि मर्यादा वेगळ्या, उत्तर जवळ आलं इतकंच.

एक माझी फजिती सांगतो. माझ्या पहिल्या शीटमध्ये हाफ टाइमच्या सेलला डॉलरचं चिन्ह (सेल जागेवर पक्का करणारं) लावायचं राहिलं आणि फॉर्म्युला खाली ओढला. पहिली ओळ बरोबर, दुसऱ्या ओळीपासून हाफ टाइम एकेक सेल खाली घसरत गेला, ४ मिनिटांचा कप्पा दहाव्या ओळीत भलताच कोणीतरी झाला होता. दोन दिवस मी ब्यूलमनला नावं ठेवत होतो, बिचाऱ्याचा काय दोष.

आणि १६ मिनिटं हासुद्धा मॉडेलचा अगदी कडेचा आकडा आहे. डायव्ह कॉम्प्युटर तिथपर्यंत जाऊ देत नाहीत, अनेकांत एरिक बेकरचे ग्रेडियंट फॅक्टर, म्हणजे मर्यादेच्या अलीकडेच थांबवणारे आकडे, असतात. मर्यादा आणि बाहेरचा दाब यांच्यातलं जे अंतर, त्याचे ८५ टक्केच वापरायचे असं सांगा तुमच्या शीटला, तुमच्याच पद्धतीने १६ चे १२ होतात बघा. हॅल्डेन या शास्त्रज्ञाने १९०८ मध्ये ५ कप्पे मांडले ते शेळ्यांवर प्रयोग करून, सगळ्यात सावकाश कप्पा ७५ मिनिटांचा होता, ब्यूलमनचा ६३५ चा आहे आणि तो तर तुम्ही ५ मीटरला सेफ्टी स्टॉप करत थांबलेले असतानाही भरतच असतो. हे कप्पे म्हणजे किडनी, गुडघा असं काही नाही हो, ते कागदावरचे आहेत. तुम्ही रात्रभर जागलात, पाणी कमी प्यायलात, खाली प्रवाहाशी झगडलात, थंडी वाजली, यातलं कुठलंच कॉलम शीटमध्ये नाही. त्यामुळे शीट घरी समजून घ्यायला, पाण्यात मनगटावरचा कॉम्प्युटर आणि इन्स्ट्रक्टर सांगेल ते.

आंबोलीचं. हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, आपल्याला वाटतं विमानात बसलं तरच भानगड. आंबोली ६९० मीटर आणि तुमचं बेळगाव साडेसातशेच्या आसपास, तिथे हवेचा दाब सुमारे ०.९३ बार. शीटमध्ये पृष्ठभागाचा दाब १ ऐवजी ०.९३ करून बघा, मर्यादा खाली येतात. मालवणच्या ८-१० मीटरच्या एका डायव्हनंतर मॉडेल म्हणेल खुशाल जा. पण डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हिंग-सुरक्षेच्या संस्थेचा विमानाबाबतचा सल्ला साधारण ६०० ते २४०० मीटर उंचीला लागू होतो, बेळगाव त्यात बसतं, आणि तो सांगतो एका नो-डेको डायव्हनंतर निदान १२ तास, एकापेक्षा जास्त डायव्ह किंवा सलग काही दिवस डायव्हिंग असेल तर १८. संध्याकाळी निघून रात्री घरी पोचायचा बेत यात बसत नाही. रात्र मालवणातच काढा, सुरमई थाळी आहेच, आणि दुसऱ्या दिवशी दुपारनंतर घाट चढा.

फाइल पुन्हा पाठवाल तेव्हा वर येतानाच्या ओळी घालून पाठवा, आणि मित्राचीही पाठवा, ३ चे ४ केल्यावर काय येतं ते मलाही बघायचंय.