गृहखात्याच्या दारात उभ्या असलेल्या रसायनशास्त्रज्ञाला

फोंडा, गोवा

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

पीएच.डी. झाल्यावर धोरणाच्या फेलोशिपला, म्हणजे शास्त्रज्ञाने काही काळ सरकारात बसून धोरणाच्या कामात मदत करायच्या जागेला, अर्ज करणार, तेही फौजदारी न्यायाच्या बाजूने, हे वाचून मला मनापासून आनंद झाला. घरचे नाराज आहेत म्हणतेस. त्यांना सांग, ही वाट जुनी आहे. ‘अमेरिकन असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ सायन्स’ने 1973 मध्ये सात शास्त्रज्ञ तिथल्या संसदेत कामाला पाठवले. पुढे सरकारी खात्यांतही असे फेलो जाऊ लागले, न्याय खात्याच्या संशोधन संस्थेतसुद्धा.

तिथे शास्त्रज्ञ का हवा, हे एफबीआय या अमेरिकेच्या तपास यंत्रणेच्याच 2015 च्या फेरतपासणीत दिसलं. केसांची सूक्ष्मदर्शकाखाली तुलना करून आरोपीविरुद्ध साक्ष दिलेल्या 268 खटल्यांपैकी 257 खटल्यांत त्यांचे तज्ज्ञ शास्त्राला पेलवेल त्यापेक्षा जास्त बोलून गेले होते. त्यातल्या काही आरोपींना मृत्युदंड झाला होता. निष्कर्ष कुठवर जातो आणि कुठे थांबतो, एवढंच कुणीतरी वेळेवर सांगायला हवं होतं.

आता आपल्याकडचं बघ. अमली पदार्थांच्या कायद्यात 2001 पासून शिक्षा वजनावर ठरते. गांजा एक किलोच्या आत असेल तर ‘अल्प’ आणि एक वर्षापर्यंत कैद. त्याच्या वर गेला की दहा वर्षांपर्यंत. वीस किलोच्या पुढे ‘व्यापारी’, म्हणजे किमान दहा वर्षं, आणि जामीन जवळपास अशक्य. आषाढात पकडलेला ओला माल पंचनाम्यात एक किलो साठ ग्रॅम भरला, लाखेचं सील लागलं, पाकीट प्रयोगशाळेत पोचेपर्यंत वाळलं, आणि तिथे वजन एक किलोच्या खाली आलं, तर? न्यायालयात बचावाचा वकील मुद्देमाल बदलल्याचा संशय घेतो, सरकारी वकील ओलाव्याकडे बोट दाखवतो. पण ओलावा मोजून कागदावर कुणी लिहिलेलाच नसतो. कोणाच्या आयुष्यातली किती वर्षं जाणार, हे पाण्याच्या प्रमाणावर अडतं. तुझ्यासारखीने कार्यपद्धतीत ओलावा नोंदवायची एक ओळ घालून घेतली, तरी फेलोशिपचं सार्थक झालं असं मी म्हणेन.

हेरॉइनचं तेच. भेसळीचं वजन धरायचं की शुद्ध द्रव्याचं? 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, शुद्ध द्रव्याचं. 2020 मध्ये मोठ्या खंडपीठाने ते फिरवलं. आता सगळं मिश्रण धरतात. कायदा काय म्हणतो ते न्यायाधीश ठरवतील. पण कोणत्या वाटेने गेलं तर प्रयोगशाळेला काय मोजावं लागेल, किती वेळ लागेल आणि चुकीला किती वाव राहील, हे सचिवांना सांगणारा माणूस त्या खोलीत हवा.

आणि काम वाढणार आहे. 1 जुलै 2024 पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार, म्हणजे फौजदारी कार्यपद्धतीच्या नव्या कायद्यानुसार, सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं आहे. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत आहे. कुर्टीतल्या न्यायवैद्यक विद्यापीठातून मुलं तयार होतील, पण नमुने तपासायला वेळ लागेलच. तोवर कच्चा कैदी कोलवाळच्या तुरुंगात बसून असतो. प्रलंबित नमुन्यांचा तक्ता करशील तेव्हा प्रत्येक ओळीपुढे ‘आरोपी कोठडीत आहे का’ हा रकाना ठेव. हे माझं आग्रहाचं सांगणं आहे.

रुजू होण्याआधी मडगावच्या सत्र न्यायालयात जाऊन मागच्या बाकावर बस आणि तज्ज्ञाची उलटतपासणी ऐक. टिपण एका पानाचं लिही. फाइल वर जाते तसं दुसरं पान कुणी उलटत नाही. शास्त्राकडे ज्याचं उत्तर नाही ते त्याच पानावर लिही, तळटीपेत ढकलू नकोस. तसं लिहिलंस की काही अधिकारी वैतागतील. ‘हो की नाही ते सांगा’ म्हणतील. तेव्हा आवाज न चढवता तेच वाक्य पुन्हा सांग.

अर्जाचा मसुदा चतुर्थीच्या आधी पाठव. लाल शाईने परत करीन, राग मानू नकोस.

तुझे,
सर