पर्पल मार्टिनसाठी पहिलं घर घेताना

पर्पल मार्टिन हा अमेरिकेतला, भिंगरीच्या कुळातला पक्षी; माणसाने खांबावर लावलेल्या, अनेक खणांच्या घरात तो घरटी करतो. स्वस्त घर बघून भुलू नका. त्यातले खण बहुतेक वेळा 6 बाय 6 इंचांचे असतात. तुम्ही 6 बाय 12 चेच घ्या. घरटं मागे राहतं, घुबडाचा पंजा पोचत नाही आणि पावसाचं पाणीही. दार अर्धचंद्राकृती, तळाला लागून, 1 पूर्णांक 3/16 इंच उंच. मार्टिन पोट घासत आत शिरतो, स्टार्लिंग (साळुंकीच्या कुळातला, घरटी बळकावणारा पक्षी) मावत नाही. कानस मारून दार जरा जरी वाढवलंत, तर स्टार्लिंग घुसलाच म्हणून समजा.

चिमणी मात्र (हो, आपलीच, अमेरिकेत ती उपरी) यातूनही जाते. दर आठवड्याला घर उतरवून तिचं घरटं काढावंच लागतं, म्हणून दोरी-कप्पीचा खांब हवा, 12 ते 15 फुटी. साप आणि रकून (झाडावर चढणारा एक शिकारी प्राणी) वर चढू नयेत म्हणून खांबाला पत्र्याचं नळकांडं. झाडं निदान 40 फूट लांब. रंग पांढरा, आत ऊन कमी तापतं.