बाटली घरची, बूच उघडणार ते

तुमच्या पत्रातला बेत थोडक्यात असा. महिन्यातून दोनदा तुम्ही दोघं एका ठरलेल्या रेस्टॉरंटमध्ये जेवता. तिथे वाइन दुकानापेक्षा अडीचपट महाग आहे, पण आपली बाटली न्यायला मुभा आहे. म्हणून तीन डझन बाटल्या एकदम घ्यायच्या, त्या ठेवायला वाइनचा वेगळा फ्रिज घ्यायचा आणि दर वेळी घरून एक बाटली न्यायची.

दुकानातली बाटली १०० धरून तुम्ही सगळे आकडे प्रमाणात कळवलेत, ते सोयीचं झालं. दुकानात १००, तिथे २५०. दर खेपेला वाचले १५०, वर्षातून २४ खेपा, म्हणजे ३,६००. फ्रिज १,८०० चा, तेव्हा सहा महिन्यांत वसूल. कागदावर झकास दिसतं.

पण पत्र संपल्यावर ताजा कलम म्हणून दोन ओळी घातल्या आहेत: ‘कॉर्केज १२० घेतात. सध्या आम्ही एकेक ग्लासच घेतो, ६० ला.’ कॉर्केज म्हणजे आपण नेलेली बाटली उघडून वाढायचा रेस्टॉरंटचा आकार. अहो, खरा हिशेब त्या दोन ओळींतच आहे!

आज तुमची दोन ग्लासं १२० ला पडतात आणि कॉर्केजही १२०च आहे. म्हणजे आज ज्या पैशात तुमची वाइन पिऊन होते, तेवढेच पैसे उद्या नुसतं बूच उघडून घ्यायला जाणार, वर बाटलीचे १०० वेगळे. खेपेला १२० चे २२० झाले. वर्षाचे २,८८० होते, ते ५,२८०. बचत राहिली बाजूला, खर्च २,४०० ने वाढला, आणि यात फ्रिज अजून धरलेलाच नाही. चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला, दुसरं काय!

तुमची चूक आकडेमोडीत नाही, तुलनेत आहे. जी बाटली तुम्ही कधी मागवतच नव्हता, तिच्या किमतीशी तुम्ही बचत मोजलीत. सवलतीच्या दुकानात सगळेच असे फसतात, मीसुद्धा.

शिवाय ७५० मिलीलीटरच्या बाटलीत साधारण पाच ग्लासं निघतात. दोन तुमची झाली, उरलेल्या तिनाचं काय? उघडलेली बाटली परत नेता येते की नाही, हे तिथल्या कायद्यावर अवलंबून असतं. नेता येत नसेल तर पैसे वसूल करायला म्हणून ती संपवली जाते, मग गाडी चालवायची नाही आणि टॅक्सी आली. ते भाडंही मांडा.

कॉर्केज म्हणजे लूट, असं मात्र मला वाटत नाही. ग्लासं त्यांची, ती धुणारा माणूस त्यांचा, फुटलं तर नुकसान त्यांचं, आणि वाइनवर सुटणारा नफा त्या टेबलापुरता बुडालेला. हा आकार बाटलीमागे असतो. बाटली साधी असो की भारी, तेवढाच. दीड लिटरची मॅग्नम नेली तर बरेच जण दोन बाटल्यांचा लावतात. म्हणून साध्या बाटलीला कॉर्केज परवडत नाही, भारी बाटलीला परवडतं. तुम्ही दोघांनी तिथली २५० ची पूर्ण बाटली मागवली असती, तरी घरच्या बाटलीने वाचले असते जेमतेम ३०. तेच दुकानात ४०० ची आणि तिथे ८०० ची बाटली असेल, तर कॉर्केज देऊनही २८० हातात राहतात.

मी तुमच्या जागी असतो तर फ्रिज घेतला नसता. एरवीच्या खेपांना एकेक ग्लास चालू ठेवा, त्यात बदलण्यासारखं काही नाही. वर्षातले तीन-चार खास दिवस, किंवा चार-पाच जण जमणार असतील ते दिवस, एवढ्यांसाठी चांगल्या तीन-चार बाटल्या घ्या. काही महिने त्या अंधाऱ्या, थंड कपाटात आडव्या राहिल्या तरी पुरे. शेगडीजवळ किंवा फ्रिजच्या डोक्यावर नकोत. ‘ठेवली की किंमत वाढते’ हेही मनातून काढा. बहुतेक वाइन दोन-चार वर्षांत पिऊन टाकण्यासाठीच केलेली असते. तीन डझनांत अडकलेले ३,६०० म्हणजे गुंतवणूक नव्हे, आगाऊ केलेला खर्च.

एक जोखीम कुणी मोजत नाही. रेस्टॉरंटची बाटली खराब निघाली तर ते सहसा बदलून देतात. आपली निघाली तर आपलं नशीब. मी सहा वर्षं जपलेली एक बाटली अशीच नेली होती. बूच निघालं आणि ओल्या पुठ्ठ्याचा वास आला. बुचातल्या दोषाने वाइन गेली होती. कॉर्केज दिलं, शेवटी तिथलीच दुसरी बाटली घेतली.

न्यायच्या आधी फोन करून चार गोष्टी विचारा: परवानगी आजही आहे का, किती बाटल्या चालतात, कॉर्केजवर कर वेगळा लागतो का, आणि त्यांची एक बाटली घेतली तर आपल्या एकीचं कॉर्केज माफ करतात का. शेवटचा प्रश्न जरूर विचारा, पुष्कळ ठिकाणी करतात. त्यांच्या यादीत असलेलीच वाइन नेऊ नका. काही ठिकाणी तसा नियमच असतो, नसला तरी ते बरं दिसत नाही. आणि बाटली जुनी असेल तर आदल्या दिवशीच उभी करून ठेवा, म्हणजे गाळ तळाशी बसेल.