रोजच्या स्कोडा ऑक्टेव्हियाला १८ इंची अलॉय चाकं आहेत. परफॉर्मन्स टायर कोणते घ्यावेत?

म्हणजे सेकंडहँड ऑक्टेव्हिया १.८ टीएसआय, आधीच्या मालकाने हौसेने चढवलेली बाहेरची १८ इंची अलॉय, त्यावर २२५/४० आर १८ चे टायर, पुढचे दोन गुळगुळीत झालेले. रोज चिंचवड ते मगरपट्टा जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर, महिन्याकाठी एक कोल्हापूर. दुकानदार म्हणतो दोनच टाका आणि पुढे लावा, मित्र म्हणतो घ्यायचे तर मिशेलिनचे पायलट स्पोर्टच घे, आणि तुम्ही विचारताय की रोजच्या गाडीत एवढे पैसे घालण्यात अर्थ आहे का.

माझ्याकडे हीच गाडी आहे आणि दोन वर्षं मी ती याच मापावर चालवली. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पैसे घालण्यात अर्थ आहे. पण टायरचं नाव शेवटी ठरवा. आधी माप, मग वजनाचा आकडा, मग हवा. पहिले तीन चुकले तर जगातला सगळ्यात महाग टायर पहिल्याच पावसाळ्यात फुगा धरतो, आणि हे मी स्वतःच्या खिशातून शिकलोय.

या गाडीला कंपनीतून मॉडेलप्रमाणे २०५/५५ आर १६ किंवा २२५/४५ आर १७ टायर येतात. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, शेवटचा रिमचा व्यास इंचात, आणि मधला म्हणजे टायरच्या रुंदीच्या किती टक्के त्याची बाजूची भिंत उंच आहे ते. हिशेब केला तर १६ इंचीला भिंत साधारण ११३ मिलिमीटर, १७ इंचीला १०१ आणि तुमच्या १८ इंचीला फक्त ९०. चाकाचा एकूण व्यास मात्र जवळपास तोच राहतो, ६३२ च्या जागी ६३७ मिलिमीटर. त्यामुळे स्पीडोमीटर बिघडत नाही, टायर कुठे घासत नाही, सगळं छान वाटतं. बदललंय ते एवढंच की रिम आणि खड्ड्याची कड यांच्यामधलं रबर सव्वादोन सेंटिमीटरने कमी झालंय. वळणावर गाडी धारदार वाटते ती याचमुळे, आणि रिम वाकते तीही याचमुळे.

माझं झालं ते असं. ऑगस्टमधली रात्र, बायपासवरून सर्व्हिस रोडला उतरत होतो, पाण्याने भरलेला खड्डा. धाडकन आवाज झाला, पण हवा गेली नाही. घरी येऊन मोबाइलच्या उजेडात चारही चाकं बघितली, बाहेरून ओरखडासुद्धा नाही. म्हटलं वाचलो. तीन आठवड्यांनी अलाइनमेंटला गाडी वर घेतली तेव्हा तिथल्या पोराने मला खाली बोलावलं आणि माझा हात धरून टायरच्या आतल्या बाजूवर फिरवला. लिंबाएवढा फुगा. भिंतीतले दोरे तुटले की आतली हवा रबराला बाहेर ढकलते, तो फुगा. त्यावर इलाज नाही, टायर फेकायचा. हे तीन आठवडे मी त्याच टायरवर एक्सप्रेसवेने दोनदा मुंबईला जाऊन आलो होतो. तेव्हापासून मोठा दणका बसला की स्टिअरिंग पूर्ण वळवून आतल्या भिंतीवर तळहात फिरवतो. मागच्या चाकांना गुडघ्यावर बसावं लागतं, पण बसतो. आणि हो, खड्ड्याने आलेला फुगा साध्या वॉरंटीत बसत नाही. टायर घेतानाच विचारून ठेवा.

आता वजनाचा आकडा. टायरवर मापाच्या पुढे ८८वाय, ९२वाय असं काहीतरी लिहिलेलं असतं. अक्षर म्हणजे वेग, वाय म्हणजे ताशी ३०० किलोमीटर, त्याची आपल्याला तशी गरज नाही. आकडा महत्त्वाचा. ८८ म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त ५६० किलो, ९१ म्हणजे ६१५, ९२ म्हणजे ६३०. कंपनीच्या १६ इंची टायरवर ९१ असतो, त्याच्या खाली जायचं नाही. गोम अशी की २२५/४० आर १८ हे माप ८८ मध्येही येतं आणि ९२ एक्सएलमध्येही (एक्सएल म्हणजे एक्स्ट्रा लोड, जादा वजन पेलणारा). दुकानात स्वस्तातला मिळाला म्हणून ८८ गळ्यात मारला जाऊ शकतो. बिलावर '९२ एक्सएल' लिहून घ्या.

एक्सएल घेतला की लगेच दुसरी चूक होते, आणि ही जवळपास सगळेच करतात. एक्सएल टायरची भिंत मजबूत असते, पण तो ६३० किलो पेलतो ते ४२ पीएसआय हवेवर. साध्या टायरचं तेच गणित ३६ वर असतं. म्हणजे साध्या टायरमध्ये ३२ भरत होतात म्हणून एक्सएलमध्येही ३२ भरली, तर नवा टायर जुन्यापेक्षा कमी वजन पेलतो! ढोबळ हिशेबाने ३२ वर जुना ९१ चा टायर साडेपाचशे किलो पेलतो आणि ९२ एक्सएल पाचशेच्या आसपास. तेवढ्यालाच येण्यासाठी एक्सएलमध्ये ३६ लागते. पंपावरचा माणूस प्रत्येक गाडीत डोळे मिटून ३२ मारतो. त्याला थांबवा, ३६ सांगा, आणि सकाळी चाक थंड असताना भरा. पाचही सीटा आणि डिकी भरून कोल्हापूर करणार असाल तर आणखी दोन. गाडीत चार पैशांचा सुधार करायचा असेल तर स्वतःचा हवेचा गेज घ्या, पंपावरचे गेज एकमेकांशी भांडतात.

काही दुकानदार '४० ऐवजी ४५ टाका, खड्ड्यात बरं पडेल' म्हणतात. ऐकायला पटतं, पण २२५/४५ आर १८ चा व्यास ६६० पर्यंत जातो, मूळच्या चार टक्क्यांहून जास्त. पूर्ण वळवल्यावर चाकावरच्या आतल्या लायनरला (प्लास्टिकच्या आवरणाला) घासण्याची शक्यता आणि स्पीडोमीटर खऱ्या वेगाच्या मागे. नको. २३५/४० मात्र चालण्यासारखं आहे, भिंत चार मिलिमीटर वाढते, व्यास दोन टक्के. तरी रिमची रुंदी किती आणि ती किती बाहेर येते हे बघितल्याशिवाय घेऊ नका. बाहेरच्या अलॉयचा नेम नसतो.

आता मित्राचा पायलट स्पोर्ट. मिशेलिन पायलट स्पोर्ट ४ मी वापरलाय, ५ त्यानंतर आला. माझं मत विचाराल तर त्याची खरी किंमत पावसात वसूल होते. ताम्हिणीतल्या वळणांवर मिळते ती मजा फुकटची. जुलैमध्ये नवले पुलाच्या उतारावर पुढचा ट्रक अचानक थांबतो तेव्हा ब्रेकवर पाय देऊन गाडी थांबते की सरकते, एवढाच प्रश्न उरतो, आणि तिथे हा टायर साध्या टायरच्या फार पुढे आहे. झिजतो मात्र लवकर. टायरच्या भिंतीवर 'ट्रेडवेअर' म्हणून एक आकडा असतो. असल्या टायरवर तो तीनशेच्या आसपास, आरामाच्या टायरवर चारशेच्या वर. हा आकडा कंपनी स्वतःच देते, त्यामुळे एका कंपनीच्या दोन टायरांची तुलना करायला बरा, दोन कंपन्यांची करायला नाही. माझे पुढचे दोन तीस हजार किलोमीटरच्या अलीकडेच पट्टीला टेकले. पट्टी म्हणजे खाचेत आडवी असलेली उंच रेघ, तिथे नक्षी १.६ मिलिमीटर उरते आणि कायद्याने तीच शेवटची मर्यादा. पावसासाठी मी तीन मिलिमीटरलाच बदलतो. रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो, २०५ च्या सवयीने २२५ वापरू नका.

तेवढं बजेट नसेल तर कॉन्टिनेंटलचा अल्ट्राकॉन्टॅक्ट किंवा अपोलोच्या घरचा व्रेडेस्टाइन अल्ट्राक व्होर्टी बघा. पन्नास किलोमीटर रोज रांगेत सरकणाऱ्या गाडीला मी खरं तर यांच्यातलाच एक घेईन. आवाज आणि आराम यात दिवसाचे दोन तास जातात, धारदार वळणात दोन मिनिटं. कुठला मिळेल हे शेवटी दुकानातला स्टॉक ठरवतो. जून २०२० मध्ये सरकारने टायरच्या आयातीवर परवान्याची अट घातली, तेव्हापासून मोठ्या मापांचे बाहेरचे टायर कधी भरपूर, कधी गायब. म्हणूनच तारीख बघा. भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात, ०८२५ म्हणजे २०२५ चा आठवा आठवडा. गोदामात दोन-तीन वर्षं पडलेला 'फ्रेश पीस' मला दोनदा दाखवला गेलाय. आणि किमतीत जुनं कोटेशन धरू नका, सप्टेंबर २०२५ मध्ये टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला.

एका दुकानात मला टायरवरच्या 'एम प्लस एस' चा अर्थ 'मान्सून स्पेशल' असा सांगितला होता. चेहरा इतका गंभीर होता की मी मान डोलावली. ते 'मड अँड स्नो', म्हणजे चिखल आणि बर्फ आहे. आपल्याकडे बर्फ नाही, उन्हाळी रबराचा टायर बारा महिने चालतो.

दोन की चार? तुमचे मागचे दोन चांगले असतील तर दोनच घ्या, पण मागच्यांच्याच कंपनीचे आणि शक्य तर त्याच मॉडेलचे. दुकानदाराचं एक ऐकू नका: नवे दोन मागे लावा आणि मागचे पुढे आणा. पुढची चाकं गाडी ओढतात म्हणून नवी पुढे, हे सगळ्यांना पटतं. पण ओल्या रस्त्यावर पुढचं सरकलं तर गाडी सरळ जाते, तुम्हाला स्टिअरिंगमध्ये कळतं, पाय उचललात की सावरते. मागचं सरकलं तर गाडी फिरते, आणि ते सावरणं तुमच्या-माझ्या हातातलं नाही. बसवताना 'आउटसाइड' लिहिलेली बाजू बाहेर आली का तेही बघा. माझा एक उलटा बसवला होता, आणि तो माझ्याच लक्षात आला, बसवणाऱ्याच्या नाही.

मी पुढे काय केलं? फुग्यानंतर एक रिमही वाकली, तेव्हा कंपनीची जुनी १७ इंची अलॉय शोधून घेतली आणि १८ विकली. सेंटिमीटरहून थोडं जास्त रबर परत मिळालं, टायर स्वस्त झाले, आणि खरं सांगायचं तर वळणातला फरक मला आठवड्यानंतर जाणवेनासा झाला. दिसायला १८ च भारी, ते कबूल. तुमच्या आधीच्या मालकाकडे मूळची चाकं पडून असतील तर त्यांना आजच फोन करा. बहुतेकांच्या माळ्यावर असतात.

नसतील आणि १८ च ठेवणार असाल तर एक काम टायर घ्यायच्या आधी करा. डिकीतली स्टेपनी बाहेर काढा आणि एकदा घरासमोर लावून बघा. या गाडीच्या मूळ चाकांना गोल बुडाचे बोल्ट लागतात. बाहेरच्या अलॉयला बऱ्याचदा निमुळते, शंकूसारखे बोल्ट दिलेले असतात, आणि ते कंपनीच्या स्टेपनीत नीट बसत नाहीत. आवळल्यासारखे वाटतात, पण टेकतात कडेवर. मला हे खंबाटकी उतरल्यावर रात्री साडेअकराला कळलं, तेही पावसात. आता गोल बुडाचे पाच बोल्ट जुन्या मोज्यात बांधून जॅकशेजारी ठेवलेत.